हर्नियाची जाळी आणि जंतुसंसर्ग : खर्चाच्या एका दुर्लक्षित बाजूविषयी

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्या सभेत प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)





वर्धापनदिनाच्या सभेत प्रशासनाने नव्या इमारतीचा, नव्या यंत्रसामग्रीचा आणि वर्षभरातील रुग्णसेवेचा आढावा घ्यावा, अशी आपल्याकडील प्रथा आहे. तो तपशील या अहवालाच्या इतर पानांवर दिलेला आहेच. आज आपल्या अनुमतीने आम्ही एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहोत. ती साधारण तळहाताएवढी असते, तिचे वजन जेमतेम एक-दोन ग्रॅम भरते, आणि एकदा शरीरात बसविली की ती पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ती वस्तू म्हणजे हर्नियाच्या, म्हणजेच अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेत वापरली जाणारी कृत्रिम धाग्यांची जाळी.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. रोगनिदान व उपचार हा आमचा प्रांत नव्हे. परंतु रुग्णालयाचे जमाखर्च सांभाळताना कोणत्या खर्चामागे कोणते दुःख दडलेले असते, हे पाहण्याची संधी आम्हांला मिळते. येथे जे वैद्यकीय विवेचन येईल, ते आमच्या शल्यचिकित्सकांकडून आणि निर्जंतुकीकरण विभागाच्या परिचारिकांकडून समजून घेतलेले आहे.

हर्निया म्हणजे काय, हे येथील बहुतेकांना ठाऊक आहे. पोटाच्या भिंतीचा एखादा भाग कमकुवत होतो आणि त्यातून आतडे किंवा आतील चरबी बाहेर डोकावू लागते. ओझी वाहणारे, शेतात राबणारे, जुनाट खोकला असलेले आणि वाढत्या वयाचे पुरुष यांच्यात जांघेतील हर्निया विशेष आढळतो. इटलीतील एदुआर्दो बास्सिनी यांनी १८८० च्या दशकात तो शास्त्रशुद्ध रीतीने शिवण्याची पद्धत घालून दिली. त्यात अडचण एकच होती. कमकुवत स्नायू ओढून एकमेकांना शिवावे लागत आणि त्या ताणामुळे काही रुग्णांत शिवण कालांतराने सैल होऊन हर्निया पुन्हा उद्भवत असे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील शल्यचिकित्सक फ्रान्सिस अशर यांनी प्लॅस्टिकच्या धाग्यांची जाळी वापरात आणली. पुढे लॉस एंजेलिस येथील अर्विंग लिक्टनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली ताणविरहित शस्त्रक्रियेची पद्धत प्रसिद्ध केली. तीत स्नायू ओढण्याऐवजी त्या जागी पॉलिप्रॉपिलिनची जाळी ठिगळासारखी बसविली जाते. शरीराच्या पेशी जाळीच्या छिद्रांतून वाढतात आणि भिंत मजबूत होते. जाळीमुळे हर्निया पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने वा त्याहूनही अधिक घटते, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही प्रौढांच्या जांघेतील हर्नियासाठी जाळीचीच शिफारस केली.

जाळी उपकारक आहे, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. पुढील विवेचन ऐकून कोणी शस्त्रक्रियेस भिऊ नये. अडकलेला हर्निया जिवावर बेतू शकतो आणि तेव्हा घाईने करावी लागणारी शस्त्रक्रिया ही अधिक धोक्याची असते.

तथापि जाळी ही शरीराच्या दृष्टीने परकी वस्तू आहे. परक्या वस्तूच्या सान्निध्यात जंतूंचे बळ कसे वाढते, हे इंग्लंडमधील एलेक व कोनेन या संशोधकांनी १९५७ साली दाखवून दिले. निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू टोचले असता पू होण्यासाठी ते लाखोंच्या संख्येने लागले. जेथे रेशमी टाका घातलेला होता, तेथे मात्र काही शे जंतूही पुरेसे ठरले. जर एका साध्या टाक्याने एवढा फरक पडत असेल, तर तळहाताएवढ्या जाळीच्या बाबतीत किती सावधगिरी हवी, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

लिक्टनस्टाइन यांचे सहकारी परवीझ अमीद यांनी १९९७ साली जाळ्यांचे वर्गीकरण करताना छिद्रांच्या आकाराचे महत्त्व विशद केले. जंतूंचा आकार साधारण एक मायक्रॉन, तर त्यांचा नाश करणाऱ्या आपल्या पांढऱ्या पेशींचा दहा मायक्रॉनच्या आसपास वा त्याहून अधिक. ज्या जाळीची छिद्रे दहा मायक्रॉनपेक्षा लहान असतात, तिच्यात जंतू शिरतात, पण रक्षक पेशी शिरू शकत नाहीत. म्हणून मोठ्या छिद्रांच्या, एकेरी धाग्याने विणलेल्या जाळ्या संसर्गाच्या दृष्टीने अधिक सुरक्षित मानल्या जातात. तरीही एकदा जंतूंनी धाग्यावर चिकट थर निर्माण केला, की त्या आवरणाखाली प्रतिजैविकांचाही पुरेसा प्रभाव पडत नाही.

जांघेतील हर्नियाच्या नियोजित शस्त्रक्रियेत जाळीपर्यंत खोलवर जाणारा संसर्ग सामान्यतः शंभर रुग्णांत एकापेक्षाही कमी जणांना होतो. पोटावरील जुन्या छेदातून उद्भवणाऱ्या मोठ्या हर्नियात हे प्रमाण त्याहून पुष्कळ अधिक असते. मधुमेह, धूम्रपान, अतिस्थूलता, लांबलेली शस्त्रक्रिया आणि तातडीची शस्त्रक्रिया यांमुळे त्यात आणखी भर पडते. शंभरात एकाहून कमी, हा आकडा ऐकावयास लहान वाटतो. पण ज्या घरात तो एक रुग्ण असतो, त्या घराचा हिशेब टक्केवारीने मांडता येत नाही.

काही काळापूर्वी धान्यबाजारात हमाली करणारे एक गृहस्थ आमच्याकडे दाखल झाले. त्यांची मूळ शस्त्रक्रिया अन्यत्र झाली होती. टाके निघाले, काही आठवडे बरे गेले आणि नंतर जखमेच्या एका टोकातून पाणी झिरपू लागले. अनेक महिने मलमपट्टी आणि गोळ्या चालू राहिल्या. अखेर संसर्ग झालेली जाळी काढून टाकावी लागली. जखम भरली, पण आधार गेल्यामुळे हर्निया पुन्हा होण्याची शक्यता मागे राहिली. या साऱ्या अवधीत त्यांना ओझे उचलता आले नाही, म्हणजे घरात मजुरी आली नाही. त्यांच्या पत्नी बिलाच्या खिडकीपाशी आल्या आणि त्यांनी शांतपणे विचारले, “साहेब, बसवायला जेवढे लागले नाहीत, त्याहून जास्त काढायला कसे लागले?” निर्धन रुग्ण निधीतून त्यांचे बिल भागविण्यात आले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही निधीतून देता येण्यासारखे नव्हते. शस्त्रक्रियेपूर्वी जी काळजी थोड्या पैशांत घेता येते, तिची उणीव नंतर कितीही पैसे खर्चून पुरती भरून निघत नाही, एवढेच त्याचे उत्तर.

या विषयावर आमच्या दात्यांनी आम्हांला वेळोवेळी तीन प्रश्न विचारले आहेत. ते रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे देणे आमचे कर्तव्य आहे.

पहिला प्रश्न असा, की सर्वांत महागडी जाळी घेतली तर हा धोका टळणार नाही काय? या संदर्भात आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण देणे उचित ठरेल. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी ग्रामीण रुग्णांना बाजारातील जाळी परवडत नाही, हे पाहून मच्छरदाणीच्या कापडाचा निर्जंतुक केलेला तुकडा जाळी म्हणून वापरला आणि अन्य सहकाऱ्यांसह आपले अनुभव २००३ साली इंडियन जर्नल ऑफ सर्जरी या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे पूर्व आफ्रिकेतील युगांडा देशात ३०२ पुरुष रुग्णांवर या कल्पनेची पद्धतशीर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एका रुग्णाला हर्निया पुन्हा झाला, महाग जाळीच्या गटात एकालाही नाही. पहिल्या दोन आठवड्यांतील तक्रारींचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते.

आपल्या रुग्णालयात मच्छरदाणी वापरावी, असे आम्ही सुचवीत नाही. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत आणि परवानाप्राप्त उत्पादकांच्या, मोठ्या छिद्रांच्या साध्या जाळ्याच आम्ही खरेदी करतो. या उदाहरणातून घ्यावयाचा बोध निराळा आहे. संसर्गापासून मिळणारे संरक्षण जाळीच्या किमतीत सामावलेले नसते. कापड साधे असले, तरी ते योग्य तापमानाला, पुरेसा वेळ निर्जंतुक झाले होते आणि स्वच्छ हातांनी, स्वच्छ जागी बसविले गेले होते. याउलट सर्वांत महाग जाळीही अस्वच्छ ट्रेमध्ये ठेवली, तर तिची किंमत तत्क्षणी शून्य होते.

दुसरा प्रश्न, प्रतिजैविके अधिक दिवस दिली तर काय बिघडले? जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली शस्त्रक्रियेतील संसर्गाच्या प्रतिबंधाविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार प्रतिजैविकाची गरज असेल, तर ते छेद घेण्यापूर्वीच्या दोन तासांच्या आत द्यावे आणि शस्त्रक्रिया संपल्यावर केवळ प्रतिबंध म्हणून ते पुढे चालू ठेवू नये. हर्नियाविषयीची २०१८ ची तत्त्वे तर असे सांगतात, की जेथे जखमेच्या संसर्गाचे प्रमाण मुळातच कमी आहे, तेथे सर्वसामान्य रुग्णाला उघड्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेसाठी त्याची शिफारस नाही. जेथे ते पाच टक्क्यांहून अधिक आहे, तेथे ती आहे. येथे एक गोष्ट आमच्यासारख्या हिशेबनिसाच्या लक्षात येते. या सूचनेचे पालन करावयाचे, तर रुग्णालयाला स्वतःचा आकडा ठाऊक असला पाहिजे. त्या आकड्याकडे आम्ही शेवटी येऊ.

तिसरा प्रश्न, जाळी टाळताच येणार नाही काय? काही रुग्णांत येते. कॅनडातील शोल्डाइस यांची जाळीविरहित पद्धत प्रसिद्ध आहे. पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनी रुग्णाच्या स्वतःच्याच पोटावरील मजबूत पडद्याची पट्टी वापरून दुरुस्ती करण्याची पद्धत २००१ साली प्रसिद्ध केली आणि परदेशांतही तिचा अभ्यास झाला. कोणत्या रुग्णास कोणती पद्धत योग्य, हा निर्णय शल्यचिकित्सकांचा आहे. पोटावरील मोठ्या हर्नियात मात्र बहुधा जाळीवाचून पर्याय नसतो.

आता प्रश्न उरतो, की संरक्षण नेमके कोठे असते. शस्त्रक्रियागृहाच्या मागील बाजूस निर्जंतुकीकरण विभाग आहे. देणगीदारांच्या भेटीत तो सहसा दाखविला जात नाही. तेथे वाफेच्या दाबाखाली उपकरणे निर्जंतुक करणारी यंत्रे आहेत. यंत्राची घंटा वाजली म्हणजे आतील प्रत्येक वस्तू निर्जंतुक झालीच, असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी रोज सकाळी वाफ सर्वत्र पोहोचते की नाही याची चाचणी घ्यावी लागते, प्रत्येक गठ्ठ्यात रंग बदलणारी पट्टी ठेवावी लागते, आणि शरीरात कायम राहणाऱ्या वस्तूंच्या खेपेबरोबर उष्णतेला दाद न देणाऱ्या निरुपद्रवी जंतूंची कुपी ठेवून ते मेल्याची खात्री करावी लागते. कुपीचा निकाल येईपर्यंत ती खेप अडवून ठेवावी लागते. या पट्ट्या व कुप्या एकदाच वापरता येतात. महिनाअखेर त्यांचे बिल येते आणि त्या बदल्यात दाखविण्यासारखे काहीही शिल्लक राहत नाही.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पाण्याचा आणि रसायनांचा प्रश्न अधिक गंभीर होतो. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो राज्यात ऑगस्ट २००६ ते जुलै २००७ या काळात ६३ रुग्णालयांत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनंतर १,०५१ संशयित संसर्ग नोंदविले गेले. क्षयाच्या जंतूंच्या कुळातील, पण क्षय न करणारे जलद वाढणारे जंतू त्यास कारणीभूत होते आणि उपकरणे बुडवून ठेवण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणास ते दाद देत नव्हते. हे जंतू नळाच्या पाण्यातही आढळतात. आपल्या देशातही असे संसर्ग अनेक ठिकाणी नोंदले गेले आहेत. जखम प्रथम भरते, काही आठवड्यांनी गाठी येतात, पाणी झिरपते आणि महिनोन्‌महिने औषधे घ्यावी लागतात. यावरील उपाय कष्टाचा असला, तरी स्पष्ट आहे. उपकरण पूर्णपणे सुटे करून धुवावे, वाफेत टिकणारी उपकरणे घेऊन ती वाफेनेच निर्जंतुक करावीत, आणि निर्जंतुक केलेले उपकरण पुन्हा नळाच्या पाण्याने धुवू नये. अशा उपकरणांचे अधिक संच असले, तरच दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात ही शिस्त पाळता येते. संच अपुरे असले, की घाई होते, आणि घाई झाली, की बुडवून काढण्याचा मोह होतो.

आमच्या स्वतःच्या खात्याशी संबंधित असाही एक मोह आहे. मोठी जाळी फोडली, त्यातील अर्धी वापरली, तर उरलेला तुकडा पुन्हा निर्जंतुक करून दुसऱ्या रुग्णास वापरावा, म्हणजे तेवढी बचत होईल, असा विचार हिशेबाच्या मनात सहज येतो. उत्पादक तशी अनुमती देत नाहीत, कारण पुन्हा केलेल्या प्रक्रियेने धाग्याचे व वेष्टनाचे काय होते, याची हमी कोणी घेत नाही. म्हणून आमचा नियम असा आहे, की जांघेच्या हर्नियासाठी साडेसात बाय पंधरा सेंटिमीटरची लहान जाळीच मागवावी. ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर गरज पडेल तेव्हाच उघडावी, वेष्टनावरील क्रमांक रुग्णाच्या कागदपत्रांवर चिकटवावा आणि उरलेला तुकडा त्याच दिवशी टाकून द्यावा. या नियमाने साठ्याच्या नोंदवहीत नुकसान दिसते. ते नुकसान आम्ही समाधानाने मांडतो.

रुग्णांच्या नातेवाईकांनाही या कामी मोठा वाटा उचलता येतो. शस्त्रक्रियेपूर्वी मधुमेह आटोक्यात आणावा. विडी-सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद करावी. जांघेत गजकर्ण किंवा पुळ्या असतील, तर त्या लपवू नयेत. त्या बऱ्या होईपर्यंत नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलणे हिताचे असते. आदल्या दिवशी वा त्या दिवशी सकाळी साबणाने आंघोळ करावी. घरी दाढीच्या पात्याने केस काढून येऊ नये, कारण त्वचेवर होणाऱ्या बारीक जखमांतूनच जंतूंना वाट मिळते. शस्त्रक्रियेनंतर त्या जागी मऊ फुगवटा आला, तर तो पुष्कळदा नुसत्या पाण्याचा असतो आणि आपोआप जिरतो. कोणाच्या सांगण्यावरून त्यात सुई टोचून घेऊ नये, कारण सुईबरोबर जंतू आत जाऊ शकतात. लाली, वाढती वेदना, ताप किंवा स्राव दिसला, मग तो काही महिन्यांनी का असेना, तर ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनाच दाखवावे. मोठ्या छिद्रांच्या जाळीचा संसर्ग वेळीच लक्षात आला, तर निचरा व औषधे यांनी जाळी वाचविता येते, असा शल्यचिकित्सकांचा अनुभव आहे.

शेवटी आमच्या विषयाकडे, म्हणजे खर्चाच्या शीर्षाकडे वळतो. देणग्या बहुतांशी भांडवली कामांसाठी येतात. खोली, खाट, यंत्र यांवर दात्याचे नाव कोरता येते, आणि त्यामागील आपल्या आई-वडिलांच्या स्मृतीची भावना आम्हांला पूज्य आहे. परंतु चाचणीच्या कुपीवर नाव कोरता येत नाही. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचे गाळणे दर काही महिन्यांनी बदलावे लागते, त्यावरही नाव राहत नाही. हा सारा महसुली खर्च आहे आणि काटकसरीची वेळ आली, की जगभरच्या रुग्णालयांत याच खर्चावर प्रथम कात्री चालते, कारण तो कमी केल्याचा परिणाम त्या महिन्यात दिसत नाही. तो काही महिन्यांनी, कोणाच्या तरी जखमेत दिसतो.

यास्तव विश्वस्त मंडळाच्या संमतीने दोन गोष्टी आपणासमोर ठेवीत आहोत. पहिली, निर्जंतुकीकरणाच्या आवर्ती खर्चासाठी स्वतंत्र कायम निधी उभारण्यात येत आहे. त्याचे केवळ व्याज वापरले जाईल आणि ते अन्य कोणत्याही शीर्षाकडे वळविले जाणार नाही.

दुसरी, पुढील वर्षापासून या अहवालात एक लहान तक्ता छापला जाईल. त्यात तीन रकाने असतील : जाळी बसविलेले रुग्ण, नव्वद दिवसांनंतर प्रत्यक्ष तपासलेले वा दूरध्वनीवरून विचारपूस केलेले रुग्ण, आणि संसर्ग आढळलेले रुग्ण. नव्वद दिवसांचा हा अवधी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१३ पासून हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी स्वीकारलेला आहे. यातील मधला रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. जो रुग्ण परत आला नाही, तो बरा झाला असे मानले, तर कोणत्याही रुग्णालयाचा तिसरा रकाना कोराच दिसेल.

असा आकडा छापल्यास दात्यांचा विश्वास डळमळेल, अशी शंका काही हितचिंतकांनी व्यक्त केली. त्यामागील आपुलकीचा आम्ही आदर करतो. आमची धारणा अशी, की ज्या ताळेबंदात केवळ जमेची बाजू छापली जाते, त्यावर कोणताही सनदी लेखापाल सही करीत नाही. रुग्णसेवेच्या ताळेबंदालाही तोच न्याय लागू व्हावा. पुढील वर्षी तिसऱ्या रकान्यात एखादा आकडा दिसला, तर आपण तो वाचावा, आम्हांला प्रश्न विचारावेत, आणि दुसरा रकाना पहिल्याच्या किती जवळ पोहोचला आहे, हे आवर्जून पाहावे.

सभेनंतर ज्यांना शक्य असेल, त्यांनी निर्जंतुकीकरण विभागाची मांडणी काचेबाहेरून अवश्य पाहावी. तेथील परिचारिका व कर्मचारी आपणास माहिती देतील.